वारा मोजला, पाखरे राहिली

भिवंडीहून नाशिकच्या दिशेने निघाले की गोदामांच्या रांगा मागे टाकत पडघा येते. भिवंडी तालुक्यातले हे गाव राज्याच्या वीजव्यवस्थेत मोठ्या मानाचे आहे. १९९९ मध्ये चंद्रपूरहून इथपर्यंत एकदिश प्रवाहाची ५०० किलोव्होल्टची वाहिनी आली. लांबी सुमारे साडेसातशे किलोमीटर, क्षमता १,५०० मेगावॅट. विदर्भातला कोळसा चंद्रपुरात जळतो आणि त्याची वीज पडघ्याच्या उपकेंद्रात उतरून पुढे ठाणे-मुंबईच्या घराघरांत जाते. राज्याचे जाळे एकच असल्यामुळे त्यात कोयनेच्या पाण्याची वीज मिसळते आणि साताऱ्याच्या सड्यांवरच्या, म्हणजे कातळी पठारांवरच्या, वाऱ्याचीही. भिवंडीतल्या यंत्रमागाचा धोटा कोणत्या विजेवर पळतो आहे, हे मागवाला सांगू शकत नाही, वीज कंपनीही नाही. पण सातारा जिल्ह्यातल्या डोंगरमाथ्यांवर नव्वदच्या दशकात जे घडले, त्यात विजेसाठी आसुसलेल्या भिवंडीसारख्या शहरांचा वाटा आहे. ते काय घडले आणि ते कळायला वीस वर्षे का लागली, याची ही हकीकत.

आधी त्या काळातली विजेची ओढ आठवायला हवी. दाभोळचा एन्रॉन प्रकल्प १९९९ मध्ये सुरू झाला आणि २००१ मध्ये दरांच्या वादात बंद पडला. त्यानंतरची काही वर्षे महाराष्ट्राने भारनियमनात काढली. भिवंडीत माग थांबला की कामगाराची मजुरी थांबते, कारण तिथे मजुरी विणलेल्या कापडावर मिळते. शहरात वीजगळती आणि थकबाकी इतकी वाढली होती की जानेवारी २००७ मध्ये वितरणच टोरंट पॉवर या खासगी कंपनीकडे सोपवले गेले. वीज वितरणाचा असा फ्रँचायझी करार देशात प्रथम भिवंडीत झाला. वीज कुठूनही आणा, कशीही आणा, असे ते दिवस होते. अशा दिवसांत वाऱ्यापासून धूर न काढता वीज मिळते, हे ऐकून कोणालाही बरेच वाटले असते. मलाही पवनचक्क्या नकोशा वाटत नाहीत. चंद्रपूरच्या कोळशाने तिथल्या हवेचे आणि ताडोबाभोवतीच्या जंगलाचे काय केले, हे माहीत असलेल्या माणसाला त्या नकोशा वाटू नयेत. म्हणूनच त्या उभ्या करताना जे राहून गेले, त्याची बोच अधिक आहे.

सुरुवात वारा मोजण्यापासून झाली, आणि ती मोजणी उत्तम होती. ॲना मणी या हवामानशास्त्रज्ञ बाईंनी पुण्याच्या वेधशाळेत वर्षानुवर्षे उपकरणे घडवली, तपासली, एकमेकांशी ताडून पाहिली. चुकीचे माप हे माप नसल्यापेक्षा वाईट, असा त्यांचा कडक बाणा होता. निवृत्तीनंतर त्यांनी वाऱ्याचे काम हाती घेतले. १९८३ मध्ये त्यांनी आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले डी. ए. मुळे यांनी भारतातल्या वाऱ्याची आकडेवारी ग्रंथरूपात आणली. मग ऐंशीच्या दशकात देशभर डोंगरमाथ्यांवर आणि किनाऱ्यांवर वीस-पंचवीस मीटरचे खांब उभे राहिले. त्यांवरच्या वाट्या रात्रंदिवस फिरत होत्या आणि तासातासाची नोंद होत होती. कोणत्या महिन्यात वारा किती, कोणत्या प्रहरी किती, कोणत्या दिशेने किती, हे त्यातून कळले. पवनचक्की कुठे उभारायची, याचे उत्तर या नोंदींनी दिले. एखाद्या जागेबद्दल इतकी चिकाटीने माहिती गोळा करण्याचे काम आपल्याकडे फार थोड्या वेळा झाले आहे. त्याच खांबाच्या बुडाशी बसून वरून कोण उडत जाते ते लिहून ठेवायला मात्र कोणी माणूस नेमला नाही.

पहिली यंत्रे किनाऱ्यावर आली. १९८६ मध्ये रत्नागिरीत, आणि त्याच सुमारास गुजरातेत ओखा व तमिळनाडूत तुतिकोरिनच्या बाजूला, डेन्मार्कच्या बनावटीच्या ५५ किलोवॅटच्या चक्क्या बसल्या. राज्यात अपारंपरिक ऊर्जेसाठी ‘महाऊर्जा’ ही संस्था नुकतीच स्थापन झाली होती. पुढे देवगडच्या कातळावर, जामसंड्याला, प्रात्यक्षिक प्रकल्प झाला. हे सगळे चाचपून पाहणे होते. खरा पसारा वाढला तो नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात, सह्याद्रीच्या माथ्यावर.

साताऱ्याहून सज्जनगड ओलांडून ठोसेघरकडे गेले की पुढे चाळकेवाडीचे पठार लागते. पाटण तालुक्यात कोयनेच्या जलाशयावर वनकुसवड्याचे पठार आहे, समुद्रसपाटीपासून जवळपास साडेअकराशे मीटर उंच. त्याच तालुक्यातल्या सडावाघापूरला पावसाळ्यात कड्यावरून पडणारे पाणी वाऱ्याने पुन्हा वर फेकले जाते. लोक त्याला उलटा धबधबा म्हणतात आणि तो पाहायला गर्दी करतात. वाऱ्याचा जोर समजून घ्यायला याहून वेगळा पुरावा नको. इथे सुझलॉनच्या ३५० किलोवॅटच्या यंत्रांची रांगच्या रांग उभी राहिली. ती विकत घेणारे बहुतेक वीजवाले नव्हतेच. केंद्र सरकार पहिल्याच वर्षी यंत्राची सगळी किंमत घसारा म्हणून नफ्यातून वजा करू देई. हे प्रमाण पुढे ८० टक्क्यांवर आले. राज्याने विक्रीकरात सूट दिली. त्यामुळे नफ्यातल्या कारखान्यांनी करबचतीसाठी चक्क्या घेतल्या. बजाज ऑटोची वनकुसवड्यावरची यंत्रे हे त्याचे ठळक उदाहरण. करसवलत यंत्र उभे राहण्यावर होती, त्यामुळे आर्थिक वर्ष संपण्याआधी ते उभे राहावे अशी घाई असे. मार्चअखेरीकडे डोळा ठेवून चाललेल्या कामात वर्षभराची पक्षिगणना कुठे बसणार होती?

सडा म्हणजे ओसाड जागा, ही समजूत त्या काळी सरकारी कागदांतही होती आणि लोकांच्या बोलण्यातही. उन्हाळ्यात तिथे खरोखरच तांबडा-काळा कातळ आणि वाळलेले गवत यांपलीकडे काही दिसत नाही. शेत नाही, झाड नाही, म्हणजे नुकसान होण्यासारखे काही नाही, असा हिशेब झाला. पण कास पठारावर फुले पाहायला जाणाऱ्यांना आज जे ठाऊक आहे, ते या साऱ्या सड्यांना लागू आहे. पाऊस पडला की कातळावरच्या चार बोटे मातीत फुलांचे ताटवे उठतात. गवतात चंडोल घरटी करतात. दगडांच्या फटींत पाली, सरडे, विंचू राहतात. आणि या सगळ्यांवर नजर ठेवून वर शिकारी पक्षी असतात. कापशी हवेत एका जागी पंख फडफडवत थांबते. तिसा एखाद्या दगडावर तासभर बसून खाली पाहत राहतो. हिवाळ्यात मध्य आशियातून भोवत्ये येतात आणि गवतावरून अगदी खालून तरंगत जातात.

पक्ष्यांचे आणि चक्क्यांचे वैर योगायोगाने जुळलेले नाही. कोकणातून आलेला वारा कड्यावर आदळून वर चढतो. गरुड आणि घारी पंख न हलवता तासन्‌तास उडतात त्या याच उचलीवर. वाऱ्याचा अभियंता जी जागा निवडतो, तीच जागा गरुडाच्या कामाची असते. दोघांनाही कड्याची धार हवी असते. त्यात शिकारी पक्ष्याची नजर उडताना बहुधा जमिनीवर असते. गिधाडांच्या दृष्टीवर झालेल्या अभ्यासात असे दिसले की भक्ष्य शोधण्यासाठी मान खाली केली, तर त्यांना समोरचे दिसतच नाही. लाखो वर्षांत आकाशात समोर काही आडवे येण्याची शक्यताच नव्हती, मग डोळ्यांनी ती सोय तरी का ठेवावी? लांबून पाहणाऱ्याला चक्कीचे पाते संथ वाटते. पात्याचे टोक मात्र ताशी दोनशे किलोमीटरच्या पुढेही जाते.

हे सगळे तेव्हा अज्ञात होते, असेही नाही. कॅलिफोर्नियात अल्टामाँट खिंडीत ऐंशीच्या दशकात हजारो चक्क्या उभ्या राहिल्या. तिथे सोनेरी गरुड आणि ससाणे मरून पडू लागले, आणि १९९२ मध्येच कॅलिफोर्नियाच्या ऊर्जा आयोगासाठी त्याचा सविस्तर अभ्यास झाला. पुढे २००४ मधल्या अहवालाने वर्षाला ७५ हून अधिक सोनेरी गरुड मरत असल्याचा अंदाज दिला. प्रकरण न्यायालयात गेले. २००७ मध्ये तडजोड झाली ती शिकारी पक्ष्यांचे मृत्यू निम्म्यावर आणण्याच्या अटीवर. जुनी, दाटीवाटीने लावलेली छोटी यंत्रे काढून मोजकी मोठी यंत्रे जागा पाहून लावण्याचे काम तिथे सुरू झाले. म्हणजे चाळकेवाडीवर पहिला खांब रोवला जात असताना अल्टामाँटचा धडा जगापुढे होता. तंत्रज्ञान आपण परदेशातून आणले. त्यासोबतचा अनुभव आणला नाही.

लोकांना मात्र काहीतरी बदलल्याचे जाणवत होते. २००३ च्या आसपास दुष्काळ पडला तेव्हा सातारा, सांगली आणि तिकडे धुळ्याच्या साक्री भागात बोलले जाऊ लागले की हे पंखे ढग पळवून लावतात. शास्त्रज्ञांनी सांगितले की पात्यांनी पाऊस थांबत नाही, ढग त्यांच्या कितीतरी वर असतात. उत्तर बरोबर होते. पण गावकऱ्यांच्या त्या बोलण्यामागे खरी दुखणी होती. कवडीमोलाने गेलेली जमीन, डोंगर फोडून काढलेले रस्ते, चराईची तुटलेली वाट. भारत पाटणकरांच्या श्रमिक मुक्ती दलाने पवनचक्कीग्रस्तांचे लढे उभारले ते याच प्रश्नांवर. पावसाचा प्रश्न निकाली निघाला आणि डोंगराच्या जिवाचा प्रश्न कोणी विचारलाच नाही. पर्यावरण आघात मूल्यांकनाची २००६ ची केंद्राची अधिसूचना पाहिली, तर औष्णिक, जल आणि अणुवीज प्रकल्प तिच्या यादीत आहेत, पवनऊर्जा नाही. पुढे २०१६ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने उद्योगांची रंगांनुसार वर्गवारी केली, तेव्हा पवनऊर्जा पांढऱ्या गटात, म्हणजे जवळपास निरुपद्रवी गटात गेली. धुराच्या मापाने ते योग्यच आहे. पण आघात म्हणजे फक्त धूर, असे गृहीत धरले की कड्यावरचा गरुड कोणत्याच रकान्यात बसत नाही.

यातून काय होते ते भीमाशंकरच्या शेजारी उघड दिसले. पुणे जिल्ह्यातल्या खेड आणि मावळ भागात एनरकॉन कंपनीचा सुमारे ११३ मेगावॅटचा ‘आंध्रा लेक’ प्रकल्प आला. त्यासाठी सुमारे १९४ हेक्टर राखीव वन वळते केले गेले. ही जागा भीमाशंकर अभयारण्याला लागून आहे आणि तिथे शेकरू राहते. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ गटाने या जागेला भेट दिली आणि २०११ च्या अहवालात जे पाहिले ते लिहिले. ते वाचताना आजही अस्वस्थ व्हायला होते. डोंगरावरून यंत्रे नेण्यासाठी काढलेले रस्ते कच्च्या बांधणीचे होते, कडे ढासळत होते, राडारोडा ओढ्यांत आणि शेतांत उतरत होता. स्थानिक वनक्षेत्रपालाने हे जंगल जैवविविधतेने संपन्न असून ते देऊ नये असे कळवले होते, आणि वरिष्ठ पातळीवर तो अभिप्राय डावलला गेला. एका वनक्षेत्रपालाने आपल्या हद्दीत काय आहे ते लिहून दिले होते, याला मी फार महत्त्व देतो. वाऱ्याच्या नोंदींइतकी ती नोंदही कोणी गंभीरपणे घेतली असती, तर रस्ता कदाचित दुसरीकडून गेला असता.

मोजणी सुरू झाली ती यानंतर, आणि बहुतेक ठिकाणी पक्षीप्रेमी संस्थांच्या व संशोधकांच्या हौसेने. पुण्याच्या इला फाउंडेशनचे डॉ. सतीश पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सह्याद्रीतल्या भांबरवाडी पठारावरच्या पवनचक्क्यांचा अभ्यास केला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. कोणते पक्षी पात्यांच्या उंचीवर उडतात, कोणाला धडकेचा धोका अधिक, याचा आडाखा त्यांनी मांडला. कोईमतूरच्या सालिम अली केंद्राच्या संशोधकांनी कच्छ आणि दावणगेरे इथे चक्क्यांखालची जमीन पिंजून काढली. २०१९ च्या त्यांच्या अहवालानुसार कच्छमध्ये तीन वर्षांत किमान ११ जातींचे ४७ मृत पक्षी सापडले, दावणगेरेत एका वर्षात सात. हिशेब केला तर एका चक्कीमागे वर्षाला सरासरी अर्धा पक्षी. हा आकडा लहान वाटेल. पण चंडोल मेला तर पुढच्या हंगामात त्याची जागा भरते. गरुडाची जोडी वर्षाला एखाद-दुसरे पिल्लू वाढवते, आणि ते जोडी लावण्याजोगे व्हायला काही वर्षे लागतात. शिवाय मेलेले सगळे सापडतात असे नाही. कुत्री, कोल्हे आणि कावळे पहाटेच साफसफाई करून गेलेली असतात. उंच गवतात पडलेला चिमणीएवढा पक्षी माणसाच्या नजरेला पडत नाही.

आणि मग चाळकेवाडीवरून एक बातमी आली, तीही सरड्यांच्या तोंडून.

या पठारावर एक देखणा सरडा राहतो. उन्हाळ्यात, पावसाच्या आधी, नर दगडावर चढून गळ्याखालचा पंखा उघडतो. निळा, काळा आणि नारिंगी. मादीला बोलावण्यासाठी आणि दुसऱ्या नराला दटावण्यासाठी. २०१६ मध्ये ही स्वतंत्र जात म्हणून ओळखली गेली आणि तिला ‘सारडा सुपर्बा’ हे नाव मिळाले. बंगळूरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या मारिया ठाकर आणि त्यांच्यासोबत अमोद झांबरे व हर्षल भोसले यांनी या सरड्यावर काम केले. त्यांचे ठाणे सेंटर फॉर इकॉलॉजिकल सायन्सेस या विभागात, जो गाडगीळांनीच उभा केला होता. पठाराचा काही भाग चक्क्यांचा होता, काही तसाच मोकळा. दोन्हींचे हवामान एक, गवत एक, कातळ एक. चक्क्या तिथे तोवर सोळा ते वीस वर्षे फिरत होत्या. संशोधकांनी दोन्ही भागांत शिकारी पक्षी मोजले, त्यांचे झेप घेणे मोजले, सरडे मोजले. सरड्याच्या दिशेने चालत जाऊन तो किती अंतरावर पळतो ते मोजले. रक्तातले ताणाचे संप्रेरक तपासले आणि गळ्याच्या रंगांची तीव्रताही.

‘नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन’मध्ये नोव्हेंबर २०१८ मध्ये हे निष्कर्ष छापून आले. चक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी होते. तिसा, कापशी आणि त्यांच्या जातकुळीतले. त्यामुळे सरडे वाढले होते. हे वाढलेले सरडे निर्धास्त होते. माणूस अगदी जवळ गेला तरी ते हलत नव्हते. ताणाचे संप्रेरकही कमी होते. पण सुखी म्हणावेत तर तेही नाही. दाटी वाढल्याने खाण्यावर ओढाताण होती, अंगाने ते खंगलेले होते आणि नरांच्या गळ्याचे रंग फिके पडले होते. वर आकाशातून घार गेली म्हणून खाली दगडावरच्या सरड्याचा निळा रंग उतरला. संशोधकांनी याचा अर्थ असा लावला की पवनचक्की अन्नसाखळीच्या शेंड्यावर शिकाऱ्यांचाही शिकारी होऊन बसली आहे.

या अभ्यासातून किती पक्षी पात्यांनी मेले आणि किती जागा सोडून गेले, हे वेगळे काढता येत नाही. ते काढायला वीस वर्षांपूर्वीचा आकडा लागला असता. चक्क्या येण्याआधी चाळकेवाडीच्या आभाळात किती तिसे होते? वाऱ्याचा त्या सालचा तासागणिक आकडा कुठल्या तरी कपाटात आहे. तिशांचा नाही. म्हणून शेजारच्या मोकळ्या सड्याशी तुलना करावी लागली, आणि आपल्या पठारावर काय हरवले ते आपल्याला सरड्याच्या गळ्यावरून ओळखावे लागले.

सरडा निदान दिवसा दगडावर बसतो. वटवाघळाची कथा अंधारातली, आणि त्याच्याबद्दल आपल्याला मुळात प्रेमही कमी. फळे खाणारी वटवाघळे अनेक दशके वन्यजीव कायद्यात उंदीर आणि कावळ्यांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या परिशिष्टात होती. २०२२ च्या दुरुस्तीत ते परिशिष्टच गेले. पण आपल्या मुलखाने एका वटवाघळामुळे जगात नाव कमावले आहे. बेळगाव जिल्ह्यात खानापूर तालुक्यात, तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांत मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या सस्तन प्राणी सर्वेक्षणात एक वटवाघूळ मिळाले. १९१३ मध्ये रॉटन या वनाधिकाऱ्याच्या नावाने त्याचे नामकरण झाले. कितीतरी दशके जगात त्याचा ठावठिकाणा म्हणजे एवढ्याच गुहा. आज ते कायद्याच्या सर्वोच्च संरक्षणात आहे.

चक्क्यांखाली वटवाघळे मोठ्या संख्येने मरतात, हे अमेरिकेला २००३ मध्ये कळले, तेही पक्षी शोधताना. वेस्ट व्हर्जिनियातल्या एका डोंगरधारेवर मेलेले पक्षी शोधायला गेलेल्यांना वटवाघळांचा खच सापडला. कॅनडातल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवले की काहींच्या अंगावर जखमच नसते. पात्याभोवती हवेचा दाब एकाएकी पडतो आणि त्यांची फुप्फुसे फुटतात, असे त्यांचे म्हणणे. ते कितपत खरे, यावर नंतर वाद झाला. मृत्यू होतात यावर मात्र वाद नाही. वटवाघळे स्वतःहून चक्कीच्या उंच खांबाजवळ जातात, असेही उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यांनी दाखवले; तो त्यांना झाडासारखा वाटत असावा. भारतातली पहिली नोंद कच्छची, २०१३ मधली. किडे खाणारे वटवाघूळ एका रात्रीत शेतावरचे ढीगभर कीटक फस्त करते, आणि बहुतेक जातींची मादी वर्षाला एकच पिल्लू देते. मोठी घट झाली की भरून यायला पिढ्या जातात.

या अंधाऱ्या गोष्टीला एक उजेडाची बाजू आहे आणि तिच्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोलले जाते. वटवाघळे मरतात ती बहुतांशी मंद वाऱ्याच्या रात्री, कारण जोराच्या वाऱ्यात ती उडतच नाहीत. आणि मंद वाऱ्यात चक्की वीजही फारशी देत नाही. म्हणून अमेरिकेत प्रयोग केले गेले. ठराविक वेगाखाली वारा असेल तर रात्री पाती फिरू द्यायची नाहीत. वटवाघळांचे मृत्यू ४४ ते ९३ टक्क्यांनी घटले आणि वर्षाच्या विजेत घट झाली ती फार तर एक टक्का. सह्याद्रीवर तर वर्षाच्या विजेचा मोठा भाग जून ते सप्टेंबरच्या झोडपत्या वाऱ्यातच मिळतो. पावसाळ्यानंतरच्या शांत रात्री चक्क्या थांबवल्या, तर भिवंडीतला एकही माग त्यामुळे बंद पडणार नाही. हे करायला नवे यंत्र लागत नाही, संगणकातला एक आकडा बदलावा लागतो. नॉर्वेत स्मोला बेटावर चारच चक्क्यांचे एकेक पाते काळे रंगवून पाहिले. पक्ष्यांचे मृत्यू सुमारे ७० टक्क्यांनी कमी झाले. चार चक्क्यांचा प्रयोग लहानच, तरी तो आपल्या सड्यावर करून पाहायला कोणाची हरकत असावी?

चक्की जिथे थांबते तिथून तार सुरू होते, आणि ती पडघ्यासारख्या ठिकाणापर्यंत येते. माळढोकाला या तारेने मारले. वजनाने जड, डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, समोरचे नीट दिसत नाही. गवताळ माळावरून उडताना तार दिसेपर्यंत वळायची वेळ गेलेली असते. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झाले. तिथे आता तो दिसला तर बातमी होते. एम. के. रणजितसिंह यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९ एप्रिल २०२१ रोजी राजस्थान-गुजरातेतल्या माळढोकाच्या अधिवासात तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. २१ मार्च २०२४ रोजी तो आदेश शिथिल केला गेला, कारण हवामानबदलाशी लढायला सौर आणि पवनऊर्जाही हवीच. दोन्ही बाजू न्यायालयाला खऱ्या वाटल्या, आणि त्या खऱ्या आहेतच. पण माळढोकाला ती तडजोड समजावून सांगायला उशीर झाला आहे. महाराष्ट्राच्या माळावर तो जवळजवळ उरला नाही.

आज महाराष्ट्रात सुमारे ५,००० मेगावॅट पवनऊर्जा उभी आहे. साताऱ्याच्या पठारावरच्या पहिल्या पिढीतल्या ३५० किलोवॅटच्या चक्क्या पंचविशीच्या घरात पोहोचल्या आहेत. केंद्राने डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या प्रकल्पांच्या पुनर्बांधणीचे धोरण आणले. त्यानुसार दोन मेगावॅटपेक्षा लहान यंत्रांच्या जागी मोठी बसवता येतील. अल्टामाँटमध्ये झाले तेच आता चाळकेवाडी आणि वनकुसवड्याला होऊ शकते. दहा चक्क्या काढून दोन लावायच्या, आणि त्या दोन कुठे लावायच्या हे नव्याने ठरवायचे. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी आणि बर्डलाइफ इंटरनॅशनल यांनी २०२२ मध्ये ‘अ‍ॅव्हिस्टेप’ हा नकाशा खुला केला आहे. कोणत्या जागी पवनचक्की पक्ष्यांना अधिक घातक ठरेल, ते त्यावर पाहता येते.

माझी मागणी सोपी आहे. पुनर्बांधणीला परवानगी देताना कंपनीकडून वाऱ्याचा वर्षभराचा आलेख जसा मागितला जातो, तसाच त्या पठाराच्या आभाळाचा वर्षभराचा आलेख मागावा. कड्यावरून कोणते शिकारी पक्षी कोणत्या महिन्यात, किती उंचीवरून जातात. रात्री वटवाघळांचे ऐकू न येणारे आवाज टिपणारे यंत्र खांबावर काय नोंदवते. नव्या चक्क्या सुरू झाल्यावर त्यांच्याखाली दर आठवड्याला शोध घ्यावा, आणि सापडलेला प्रत्येक पक्षी सर्वांना पाहता येईल अशा वहीत नोंदवावा. या कामाला पठारावरच्या गावांतलीच मुले नेमावीत, कारण भोवत्या कधी येतो आणि कापशी कुठे बसते हे त्यांना आधीपासून माहीत आहे. आणि या सगळ्याचा खर्च विजेच्या दरात धरावा. पडघ्याच्या उपकेंद्रातून वीज घेणाऱ्या आम्हा सर्वांच्या बिलात तो काही पैशांचा असेल.